सत्तेचा निर्विकार चेहरा

पडद्यावरचा कारस्थानी राजकारणी म्हटला, की प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक मूर्ती उभी राहते. ओठांच्या कोपऱ्यातले तिरकस हसू, अर्धवट मिटलेले डोळे, खालच्या पट्टीत दिलेला हुकूम आणि शेजारी उभ्या असलेल्या हस्तकाकडे टाकलेला सूचक कटाक्ष. हा गृहस्थ कट रचतो आहे, हे त्याच्या पक्षातील कोणाच्या ध्यानात येवो अथवा न येवो, शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला ते पहिल्या पाच मिनिटांत उमगते. खरी अडचण इथेच आहे. प्रत्यक्षातील कसलेल्या राजकारण्याचे कारस्थान चेहऱ्यावर दिसत नाही. दिसले असते, तर तो चाळीस-पन्नास वर्षे सत्तेत टिकला नसता. मग अशा माणसाची भूमिका करणाऱ्या नटाने दाखवायचे तरी काय?

या प्रश्नाला अलीकडच्या काळात मिळालेले सर्वांत समर्थ उत्तर म्हणजे टोनी सर्विल्लो या इटालियन नटाने 'इल दिवो' या चित्रपटात साकारलेला जुलिओ आंद्रेओत्ती. पाओलो सोरेन्टिनो यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००८ च्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि तेथे त्याला ज्यूरी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी 'इल दिवो' आणि 'गोमोरा' या दोन चित्रपटांतील कामासाठी सर्विल्लो यांना सर्वोत्तम अभिनेत्याचा युरोपीय चित्रपट पुरस्कारही देण्यात आला. परंतु पुरस्कारांपेक्षा महत्त्वाचे हे, की त्या वेळी आंद्रेओत्ती हयात होते, सिनेटचे तहहयात सदस्य होते आणि त्यांच्यावरील खटल्यांचा निकाल लागून अवघी चार वर्षे झाली होती. जिवंत, वजनदार आणि न्यायालयातून सुटलेल्या माणसाला पडद्यावर उभे करण्याचे हे काम होते.

आंद्रेओत्ती कोण होते?

चित्रपट समजून घ्यायचा, तर मूळ माणसाची थोडी ओळख हवी. आंद्रेओत्ती यांचा जन्म १४ जानेवारी १९१९ रोजी रोममध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये इटलीची घटना समिती निवडली गेली, तिचे ते सदस्य होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, पंतप्रधान आल्चीदे दे गास्पेरी यांच्या सरकारात ते उपमंत्री झाले. तेव्हापासून ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाच्या सत्तेचा क्वचितच असा कालखंड असेल, की ज्यात आंद्रेओत्ती कोठे ना कोठे नव्हते. संरक्षण, अर्थ, परराष्ट्र अशी अनेक खाती त्यांनी सांभाळली. १९७२ ते १९९२ या वीस वर्षांत त्यांनी सात मंत्रिमंडळांचे नेतृत्व केले. इटलीत सरकारे वर्षा-दोन वर्षांत कोसळत असत, पण कोसळलेल्या ढिगाऱ्यातून आंद्रेओत्ती अंगावरची धूळ झटकून बाहेर पडत. लोकांनी त्यांना कोल्हा म्हटले, कुबड्या म्हटले, काळा पोप म्हटले, सैतानाचे नावही दिले. 'दिवो जुलिओ' हे त्यांपैकीच एक. देवत्वाला पोचलेल्या ज्युलियस सीझरच्या लॅटिन बिरुदाची ती उपरोधिक आठवण. चित्रपटाचे नाव त्यावरूनच आले.

या कारकिर्दीवर तीन गडद सावल्या होत्या. पहिली आल्दो मोरो यांची. आंद्रेओत्ती यांच्याच पक्षाचे हे ज्येष्ठ नेते आणि माजी पंतप्रधान. १६ मार्च १९७८ रोजी, आंद्रेओत्तींचे नवे सरकार संसदेपुढे विश्वासदर्शक ठरावासाठी जाणार होते त्याच सकाळी, 'रेड ब्रिगेड्स' या अतिरेकी संघटनेने मोरो यांचे अपहरण केले. सरकारने वाटाघाटींना नकार दिला. पंचावन्न दिवसांच्या कैदेत मोरो पत्रे लिहीत राहिले, त्यांत आंद्रेओत्तींविषयी अत्यंत कठोर शब्द होते. ९ मे रोजी रोममधील एका रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीत त्यांचा मृतदेह सापडला. दुसरी सावली मिनो पेकोरेल्ली या पत्रकाराची. सत्ताधाऱ्यांची गुपिते छापणाऱ्या या संपादकाचा मार्च १९७९ मध्ये गोळ्या घालून खून झाला. आणि तिसरी सावली सिसिलीतील माफियांशी असलेल्या कथित संबंधांची. तेथील आंद्रेओत्ती गटाचे म्होरके साल्वो लिमा यांची माफियांनी १२ मार्च १९९२ रोजी पालेर्मोत हत्या केली, तेव्हा ती गडद झाली.

१९९१ मध्ये बनलेल्या आंद्रेओत्तींच्या सातव्या मंत्रिमंडळापासून पालेर्मोतील खटल्यापर्यंतचा काळ चित्रपटाने निवडला आहे. सत्तेचे शिखर आणि घसरण या दोहोंच्या मधली ही वाट.

शरीराची बंद पेटी

सर्विल्लो यांचा आंद्रेओत्ती प्रथम दिसतो तो अंधारातून वर येणाऱ्या चेहऱ्याच्या रूपात. चेहऱ्यावर ॲक्युपंक्चरच्या सुया टोचलेल्या आहेत, कारण या माणसाला आयुष्यभर अर्धशिशीने पछाडले आहे. आपल्या मृत्यूचे भाकीत करणारे सगळे मरून गेले आणि आपण मात्र जिवंत आहोत, असे तो शांतपणे सांगतो. स्वरात ना फुशारकी, ना समाधान. हवामानाचा अंदाज सांगावा तसा तो स्वर आहे. त्यानंतर लगेच ढणढणत्या संगीतावर एकामागून एक हत्या आणि मृत्यू दाखवले जातात. पेकोरेल्ली, लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेले बँकर रॉबेर्तो काल्वी, तुरुंगात विषारी कॉफी पिऊन मेलेले अर्थपुरुष मिकेले सिंदोना. चित्रपट वेगाने धावतो आणि त्याच्या केंद्रस्थानी असलेला माणूस जवळजवळ हलत नाही. ही विसंगती शेवटपर्यंत कायम ठेवली आहे.

भूमिका केली तेव्हा सर्विल्लो पन्नाशीच्याही अलीकडे होते आणि त्यांना सत्तरी ओलांडलेला वृद्ध साकारायचा होता. रंगभूषाकारांनी वाकलेले कान, जाड काड्यांचा चष्मा आणि पाठीचा बाक दिला. या रंगभूषेला पुढे ऑस्करचे नामांकनही मिळाले. पण रंगभूषेने चेहरा मिळतो, माणूस मिळत नाही. सर्विल्लो यांनी आधी चाल शोधली. त्यांचा आंद्रेओत्ती पावले उचलत नाही, जमिनीवरून घसरत नेतो. धड ताठ, मान खांद्यांत रुतलेली, हात पोटापाशी एकमेकांत गुंतवलेले. कोणी हाक मारली तर तो मान वळवत नाही, सबंध शरीर वळवतो. रात्री झोप येत नाही म्हणून तो घराच्या लांबलचक मार्गिकेत येरझारा घालतो, तेव्हा घड्याळातील लंबक चालल्याचा भास होतो. या शरीरात अनावश्यक अशी एकही हालचाल नाही. ज्याने जन्मभर प्रत्येक शब्द तोलून वापरला, तो हातवारेही तसेच वापरणार, हे येथे शब्दांवाचून कळते.

या निश्चलतेचा परिणाम समोरच्या पात्रांवर होतो. आंद्रेओत्ती बोलत नाही म्हणून बाकीचे बोलू लागतात. त्याच्या गटाचे पुढारी त्याच्याभोवती जमतात, आर्जवे करतात, भांडतात, घाम पुसतात, आणि तो नुसता बसलेला असतो. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहण्याचा आग्रह होतो तेव्हा, आपण मध्यम उंचीचे आहोत खरे, पण आजूबाजूला कोणी राक्षसी उंचीचे दिसत नाही, अशा आशयाचे एक वाक्य तो टाकतो. बस्स. त्याची महत्त्वाकांक्षा, सहकाऱ्यांविषयीची तुच्छता आणि होकार, तिन्ही त्या एका वाक्यात येऊन जातात. सर्विल्लो हे वाक्य विनोद म्हणून म्हणत नाहीत आणि धमकी म्हणूनही नाही. ऐकणाऱ्याने त्याचा हवा तो अर्थ लावावा आणि त्या अर्थाला स्वतःच बांधून घ्यावे, ही त्या सत्तेची रीत आहे. एरवी पडद्यावरचा राजकारणी डाव खेळताना दिसतो. इथे डाव समोरचे खेळतात आणि त्याचा फायदा न हललेल्या माणसाला मिळतो.

भिंतीला गेलेले तडे

असा अभिनय कोरडा, यांत्रिक होण्याचा धोका असतो. सर्विल्लो तो टाळतात, कारण या भिंतीला कोठे तडे जातात हे त्यांना नेमके ठाऊक आहे. पहिला तडा मोरो. आंद्रेओत्तीला मोरो दिसतात, त्यांचा आवाज ऐकू येतो. बाकी सारे आपल्या अंगावरून ओघळून जाते, मोरो मात्र जात नाहीत, अशी कबुली तो धर्मगुरूपाशी देतो. त्या वेळी स्वर बदलत नाही, फक्त वाक्यांमधली शांतता किंचित लांबते. दुःखाचे प्रदर्शन नाही, पण अर्धशिशी नेमकी कशाची, अशी शंका प्रेक्षकाच्या मनात येते.

दुसरा तडा पत्नीचा. आना बोनाइउतो यांनी साकारलेली लिव्हिया ही या माणसाबरोबर पंचेचाळीसहून अधिक वर्षे राहिलेली स्त्री आहे. एका प्रसंगात दोघे दूरचित्रवाणीवर गाण्याचा कार्यक्रम पाहत बसले आहेत. हातात हात आहे. गाणे सुरू असताना लिव्हिया मान वळवून नवऱ्याकडे पाहू लागते आणि पाहतच राहते. आपण ज्याच्याशी संसार केला तो हा कोण, हा प्रश्न तिच्या नजरेत हळूहळू उतरत जातो. तिच्या नजरेची जाणीव त्याला आहे की नाही, हे सर्विल्लो कळू देत नाहीत. दोन वृद्धांच्या या साध्या प्रसंगात चित्रपटाचा सगळा पेच आला आहे, कारण प्रेक्षकही एव्हाना लिव्हियासारखाच त्या चेहऱ्याकडे टक लावून बसलेला असतो आणि त्याच्याही हाती काही लागत नाही.

तिसरा प्रसंग मुलाखतीचा. 'ला रेपुब्लिका' या दैनिकाचे संस्थापक एउजेनिओ स्काल्फारी (भूमिका जुलिओ बोसेत्ती यांची) आंद्रेओत्तीपुढे प्रश्नांची सरबत्ती करतात. अमुक बँकर, तमुक पत्रकार, अमका माफिया. प्रत्येक प्रकरणात तुमचे नाव येते, हा काय योगायोग आहे? यादी लांबत जाते आणि आंद्रेओत्ती ऐकत राहतो. मग तो एवढेच सुचवतो, की आज तुम्ही मला हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारू शकता, कारण तुमचे दैनिक एका बड्या उद्योगपतीच्या हाती जाऊ नये म्हणून मी मध्ये पडलो होतो. स्काल्फारी चटकन म्हणतात, की गोष्टी इतक्या सरळ नव्हत्या, परिस्थिती जरा गुंतागुंतीची होती. आंद्रेओत्ती हेच तर ऐकण्यासाठी थांबलेला असतो. गुंतागुंत केवळ तुमच्या कहाणीत होती असे नाही, माझ्याही होती, असे तो उत्तरतो. एकाही प्रश्नाचे उत्तर न देता त्याने प्रश्नकर्त्यालाच स्वतःच्या बाजूच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. हा डाव खेळताना सर्विल्लो यांच्या चेहऱ्यावर विजयाची रेषाही उमटत नाही. ती उमटली असती तर आपण त्याला खलपुरुष म्हणून मोकळे झालो असतो. उमटत नाही, म्हणून त्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य असावे असे आपल्याला वाटू लागते. धूर्तपणाची मोहिनी प्रेक्षकावरही कशी पडते, याचा हा अनुभव अस्वस्थ करणारा आहे.

कबुलीचा प्रसंग आणि सत्याचा प्रश्न

एवढ्या संयमाने उभारलेली भूमिका सोरेन्टिनो एका प्रसंगात जाणीवपूर्वक मोडतात. आंद्रेओत्ती एकटाच खुर्चीत बसून कॅमेऱ्याकडे पाहत बोलू लागतो. बोलणे पत्नीला उद्देशून आहे, पण ती समोर नाही. सुरुवात रोममधील दफनभूमीत तिला घातलेल्या लग्नाच्या मागणीच्या आठवणीने होते. मग आवाज चढत जातो, शब्दांचा वेग वाढतो. १९६९ ते १९८४ या काळात इटलीत झालेल्या घातपातांची, त्यांतील २३६ मृतांची आणि ८१७ जखमींची प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जबाबदारी तो स्वीकारतो. चांगल्याच्या रक्षणासाठी वाईट करावे लागते, हे देवाला माहीत आहे आणि मलाही, असे ओरडून तो थांबतो.

खऱ्या आंद्रेओत्तींनी अशी कबुली कधीही दिली नाही. मग हयात माणसाच्या तोंडी ती घालणे न्याय्य आहे काय? येथे न्यायालयांनी काय म्हटले हे पाहणे आवश्यक ठरते. पालेर्मोच्या न्यायालयाने माफियांशी संबंधांच्या आरोपातून त्यांना १९९९ मध्ये मुक्त केले. २००३ मध्ये अपील न्यायालयाने अधिक गुंतागुंतीचा निर्णय दिला. १९८० च्या वसंत ऋतूपर्यंत माफियांशी साटेलोटे असल्याचे मानण्यास आधार आहे, पण तो गुन्हा कालमर्यादेमुळे बाद झाला आहे. त्यानंतरच्या काळासाठी ते निर्दोष. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. पेकोरेल्ली खून खटल्यात १९९९ मध्ये ते सुटले, २००२ मध्ये अपिलात त्यांना चोवीस वर्षांची शिक्षा झाली आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. माफियांचा प्रमुख तोतो रीना याच्याशी झालेली कथित भेट आणि चुंबन चित्रपटात दिसते. प्रत्यक्षात ती एका माफी मागितलेल्या गुन्हेगाराची साक्ष होती आणि न्यायालयाने ती भेट सिद्ध झाल्याचे मानले नाही.

म्हणजे इतिहासानेच या माणसाविषयी 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर दिलेले नाही. या पार्श्वभूमीवर कबुलीचा प्रसंग वास्तव म्हणून दाखवला असता, तर तो अन्याय ठरला असता. सर्विल्लो यांनी तो ज्या पद्धतीने केला, त्यात त्याचे समर्थन आहे. हाच माणूस एरवी कुजबुजतो, इथे तो गर्जतो. एरवी हात पोटाशी घट्ट, इथे सारे शरीर ताणलेले. बदल इतका मोठा आहे, की हा प्रसंग घडलेला नाही, हे प्रेक्षकाला आपोआप कळते. हे आंद्रेओत्तीचे बोलणे नसून अनेक वर्षे उत्तराची वाट पाहणाऱ्या देशाच्या मनातील इच्छा आहे. लगेच पुढच्या दृश्यांत तो निर्विकार चेहरा परत येतो आणि काहीच कबूल झालेले नाही, याची जाणीव अधिक बोचरी होते. संशयाला सत्य म्हणून न विकता संशयाचे ओझे प्रेक्षकाच्या खांद्यावर ठेवण्याची ही रीत प्रामाणिक आहे. आंद्रेओत्ती यांनी मात्र हा चित्रपट पाहून उघड नाराजी व्यक्त केली होती. ६ मे २०१३ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते सिनेटर होते.

एक परंपरा, एक नट

इटालियन चित्रपटात राजकारण्यांचे चित्रण नवे नाही. एलिओ पेत्री यांच्या 'तोदो मोदो' (१९७६) या चित्रपटात जान मारिया व्होलोन्ते यांनी आल्दो मोरोंची छाप असलेला पुढारी साकारला होता. त्या काळच्या चित्रपटांत राग होता, सत्ताधाऱ्यांना थेट आव्हान होते. 'इल दिवो' आला तोवर तो पक्ष लयाला गेला होता, खटले संपले होते. राग निवल्यावर उरलेले कुतूहल आणि विषाद यांतून सर्विल्लो यांची भूमिका घडली आहे. नेपल्सच्या रंगभूमीवर घडलेल्या आणि १९८७ मध्ये 'तेआत्री उनिती' या नाट्यसंस्थेच्या स्थापनेत सहभागी असलेल्या या नटाला थांबण्याची, मौनाची किंमत कळते, हेही खरे.

पुढे सोरेन्टिनो यांच्याच 'लोरो' (२०१८) मध्ये सर्विल्लो सिल्व्हिओ बर्लुस्कोनी झाले. तो आंद्रेओत्तींचा संपूर्ण विरोधी ध्रुव. सतत हसणारा, बोलणारा, गाणारा, समोरच्याला काहीतरी विकणारा माणूस. २०२५ मध्ये त्याच जोडीच्या 'ला ग्रात्सिया' या चित्रपटात त्यांनी कार्यकाळाच्या अखेरीस पोचलेला, निर्णयाच्या ओझ्याने वाकलेला काल्पनिक राष्ट्राध्यक्ष रंगवला आणि व्हेनिस महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा मान मिळवला. तिन्ही भूमिका शेजारी ठेवून पाहिल्या, की एक गोष्ट लक्षात येते. बर्लुस्कोनी आपल्याला जिंकू पाहतो आणि तो राष्ट्राध्यक्ष आपल्यापुढे मन मोकळे करतो. आंद्रेओत्तीला मात्र आपल्याकडून काहीच नको असते. त्याला आपल्या प्रेमाची गरज नाही, संतापाचीही नाही. म्हणून तिघांत तोच अधिक भीतिदायक वाटतो.

कारस्थानी राजकारणी पडद्यावर ओळखू येतो, तेव्हा प्रेक्षक मनातल्या मनात निर्धास्त होतो. असा माणूस प्रत्यक्षात भेटला तर आपण त्याला सहज ओळखू, अशी त्याची समजूत होते. सर्विल्लो यांचा आंद्रेओत्ती ही समजूत काढून घेतो. सुया टोचलेला तो चेहरा दोन तास अगदी जवळून पाहूनही त्यामागे काय आहे हे सांगता येत नाही. लिव्हियाला पंचेचाळीस वर्षांत सांगता आले नाही, न्यायालयांना दहा वर्षांत पुरते सांगता आले नाही. मतपेटीपुढे उभ्या राहणाऱ्या सामान्य नागरिकाजवळ तर वर्तमानपत्रातले एक छायाचित्र आणि चार वाक्ये यांपलीकडे फारसे काही नसते.